दीड वर्षात तीन विभाग: कंपनीची विभागबदलाची योजना स्वीकारावी का?

प्रश्न: पल्पलॅब (मिरजोळे, रत्नागिरी)

नमस्कार. रत्नागिरीच्या मिरजोळे औद्योगिक वसाहतीतील एका फळप्रक्रिया कारखान्यात मी गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करते. शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचे, आणि नोकरीचे हे चौथे वर्ष. आमचे मुख्य उत्पादन हापूसचा पल्प. एप्रिलच्या अखेरीपासून पाऊस लागेपर्यंत कॅनिंगचा आंबा येत राहतो आणि त्या काळात डबे व निर्यातीच्या ॲसेप्टिक (निर्जंतुक) पिशव्या भरल्या जातात. उरलेले वर्ष साठ्याची तपासणी, ग्राहकांच्या तक्रारींचे निवारण, कोकम-आवळ्याची लहान उत्पादने आणि ऑडिटची तयारी यांत जाते.

व्यवस्थापनाने यंदा एक योजना पुढे ठेवली आहे. तीन वर्षांपेक्षा अधिक सेवा झालेल्या तरुण कर्मचाऱ्यांना दीड वर्षात तीन विभागांत काम करण्याची संधी द्यायची, प्रत्येक विभागात सहा महिने. माझ्यासाठी सुचवलेला क्रम असा आहे: जुलै ते डिसेंबर खरेदी, जानेवारी ते जून उत्पादन आणि पुन्हा जुलै ते डिसेंबर निर्यात. पुढील काळातील विभागप्रमुख या कर्मचाऱ्यांतूनच निवडले जातील, असे तोंडी सांगण्यात आले. पगारात तूर्त बदल नाही.

योजनेचे आकर्षण मला निश्चित वाटते, कारण आमच्या विभागात वर जाण्यासाठी जागाच नाही. माझ्या वरिष्ठांच्या निवृत्तीला अनेक वर्षे आहेत, आणि या कारणामुळेच माझ्या बरोबरीचे दोघे पुण्याला निघून गेले. मला मात्र रत्नागिरी सोडायची नाही. दुसऱ्या बाजूने भीती ही आहे की दीड वर्ष प्रयोगशाळेबाहेर राहिल्यावर उद्या दुसरीकडे अर्ज करताना हा काळ माझ्या विषयातील खंड म्हणून पाहिला जाईल. सर्व विभागांचे थोडेथोडे कळते, पण एकाही विभागाचे पूर्ण कळत नाही, अशी अवस्था होईल का? होकार देण्यापूर्वी कोणत्या गोष्टी लेखी घ्याव्यात? ज्यांनी असे विभागबदल केले आहेत किंवा राबवले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: माजी कार्मिक अधिकारी (चिपळूण)

ताई, लोटे-परशुराम येथील रासायनिक कारखान्यांत माझी बहुतेक नोकरी कार्मिक विभागात झाली आणि अशा योजना आखण्याचे व राबवण्याचे काम माझ्याकडे होते. तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम ही योजना कोणत्या जातीची आहे हे ओळखा, कारण विभागबदल या एकाच नावाखाली फार वेगवेगळे हेतू वावरतात. सरकारी बँकांत आणि सार्वजनिक उपक्रमांत संवेदनशील पदांवरची माणसे केंद्रीय दक्षता आयोगाच्या सूचनांनुसार ठरावीक काळाने हलवली जातात. तेथे हेतू गैरव्यवहार रोखण्याचा असतो. टोयोटासारख्या वाहन कारखान्यांत एकाच पाळीत कामगारांच्या जागा बदलतात, म्हणजे तेच तेच स्नायू दिवसभर ताणले जात नाहीत आणि एक माणूस अनेक कामे शिकतो. टाटा समूहाने १९५६ मध्ये जे. आर. डी. टाटा यांच्या काळात टाटा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिस सुरू केली, ती निवडक तरुणांना समूहातील निरनिराळ्या कंपन्यांत व कामांत फिरवून पुढचे व्यवस्थापक घडवण्यासाठी. आणि चौथा प्रकार, जो कोणत्याही परिपत्रकात लिहिलेला नसतो पण आपल्या भागात मी सर्वाधिक पाहिला, तो म्हणजे कोठे तरी जागा रिकामी आहे, नवी भरती करायची नाही, म्हणून असलेला माणूस तेथे बसवायचा आणि त्याला विकासाचे नाव द्यायचे. तुमची योजना तिसऱ्या प्रकारची आहे असे व्यवस्थापन म्हणते. ती चौथ्या प्रकारची नाही याची खात्री करण्याचा सोपा मार्ग म्हणजे एक प्रश्न विचारणे: सहा महिन्यांच्या अखेरीस मला काय येत असले पाहिजे आणि ते कोण तपासणार? याचे लेखी उत्तर ज्या योजनेत नसते, ती बहुतेक वेळा रिकामी जागा भरण्याचीच असते.

आता तुमच्या क्रमाबद्दल, आणि माझ्या मते मुख्य अडचण येथेच आहे. हा क्रम ज्यांनी आखला त्यांनी महिने मोजले, हंगाम मोजलेला नाही. जुलै ते डिसेंबर या काळात आंब्याच्या कारखान्यातील खरेदी विभागात तुम्ही नेमके काय पाहणार? साखर, रिकामे डबे, पुठ्ठ्याचे खोके आणि यंत्रांचे सुटे भाग यांच्या खरेदीची कागदपत्रे. तेही शिकण्यासारखे आहे, पण त्यासाठी सहा महिने लागत नाहीत. आंब्याची खरेदी शिकायची तर मोहोर पाहिला पाहिजे, बागायतदाराने तुडतुडे आणि भुरीसाठी कोणती फवारणी केव्हा केली हे नोंदवता आले पाहिजे, दर कसा ठरतो हे दलालासमोर बसून ऐकले पाहिजे, आणि मे महिन्यात पहाटे गाड्या लागल्यावर कोणता माल उतरवायचा व कोणता परत पाठवायचा हा निर्णय घेणाऱ्या माणसाजवळ उभे राहिले पाहिजे. हे सारे जानेवारी ते जून या काळातच घडते. उत्पादनही त्याच काळात जोरात असते. त्यामुळे दीड वर्षात, म्हणजे एकाच आंबा हंगामात, खरेदी आणि उत्पादन ही दोन्ही कामे खऱ्या अर्थाने शिकणे शक्यच नाही. दोन हंगाम लागतात.

म्हणून व्यवस्थापनासमोर पुढील पर्याय ठेवावा असे मी सुचवीन. पहिल्या जुलै ते डिसेंबरात निर्यात विभाग, कारण नुकताच भरलेला माल त्याच काळात न्हावा-शेवा बंदराकडे जात असतो आणि आखाती देश व युरोपातील ग्राहकांशी पत्रव्यवहार चालू असतो. त्यानंतर जानेवारी ते जून खरेदी. मग जुलै ते डिसेंबर आपल्या प्रयोगशाळेत परत. आणि पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये उत्पादन. एकूण काळ दोन वर्षे होतो, म्हणजे सहा महिने जास्त, पण त्यातले सहा महिने तुम्ही आपल्याच विषयात असाल आणि खरेदीत जे पाहिले ते तपासणीच्या पद्धतीत उतरवण्याची संधी तुम्हाला मिळेल. खंड पडण्याची जी भीती तुम्ही लिहिली आहे, तिचेही बरेचसे उत्तर या मधल्या परतीत आहे.

विभागबदलाने बढती लवकर मिळते का, हेही पुष्कळजण विचारतात. मायकेल कॅम्पियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये एका मोठ्या औषध कंपनीच्या वित्त विभागाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. अधिक विभागबदल केलेल्यांना बढती व पगारवाढ अधिक मिळाल्याचे त्यात दिसले, आणि नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतील लोकांना त्यात अधिक रस असल्याचेही दिसले. पण कामाचा बोजा वाढणे आणि नव्या जागी काही काळ काम मंदावणे हे तोटेही त्यात नोंदवलेले आहेत. शिवाय, मुळात हुशार माणसांनाच फिरवले जाते आणि हुशार माणसांनाच बढती मिळते, हेही लक्षात घ्यायला हवे. तेव्हा केवळ फिरण्याने बढती मिळेल असे कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका.

उत्तर २: काजूगर (वेंगुर्ला)

माझा काजूप्रक्रियेचा लहान कारखाना आहे. वरील उत्तरातील हंगामाचा मुद्दा मला पूर्ण पटतो. आमच्याकडेही स्थानिक काजू बी मार्च ते मे या काळातच येते, आणि त्या वेळी खरेदीला नसलेला माणूस पुढे वर्षभर गोदामातील मालाकडे फक्त पोत्यांची संख्या म्हणून पाहतो. पण मालकाच्या बाजूने एक गोष्ट मांडावीशी वाटते, जी कर्मचाऱ्यांच्या लक्षात सहसा येत नाही.

विभागबदलाची खरी किंमत तो विभाग मोजतो, ज्याच्याकडे नवे माणूस येते. हंगामात आमच्या खरेदीप्रमुखाला जेवायला वेळ मिळत नाही. त्याच्याकडे शिकाऊ माणूस दिले की त्याने समजावून सांगावे अशी अपेक्षा असते, आणि त्याबद्दल त्याच्या मूल्यमापनात एक ओळही नसते. म्हणून पहिल्या आठवड्यात तो त्या माणसाला नोंदवही देतो आणि सहा महिने तो नोंदवहीच लिहीत राहतो. ताई, तुम्ही तर गुणवत्ता विभागातून जाणार आहात. आजवर ज्यांचा माल तुम्ही नापास केला त्यांच्याकडे तुम्ही शिकायला जाणार, तेव्हा आरंभी तुमच्याकडे संशयाने पाहिले जाईल हे गृहीत धरा. तो संशय दूर करण्याचा एकच मार्ग मला माहीत आहे, तो म्हणजे त्या विभागाला उपयोगी पडेल असे एखादे नेमके काम अंगावर घेणे.

आमच्या येथील उदाहरण देतो. काजूगराच्या प्रतवारीच्या टेबलावर काम करणाऱ्या एका अनुभवी बाईंना मी दोन हंगाम खरेदीला नेले. २४० नंबरचा गर म्हणजे एका पौंडात साधारण तेवढेच दाणे बसतील एवढा मोठा गर, आणि ३२० नंबरचा त्याहून लहान, हे त्यांच्या हाताला वर्षानुवर्षे ठाऊक होते. बी विकत घेताना मात्र आम्ही नमुना कापून ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर उतरेल याचा अंदाज बांधतो, आणि हा अंदाज बांधणाऱ्या माणसाने प्रतवारीचे टेबल सहसा पाहिलेले नसते. बाईंनी नमुना कापताना केवळ वजन न पाहता दाण्याचा आकार आणि डाग यांचीही नोंद ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे कोणत्या गावचे बी घेतल्यावर पुढे कोणत्या प्रतीचा गर किती मिळेल, हे खरेदीच्या दिवशीच सांगता येऊ लागले. आज खरेदीचा दर ठरवताना मी त्यांचे मत विचारतो आणि त्यांचा पगारही त्या प्रमाणात वाढवला आहे. त्यांचे पहिले ज्ञान वाया गेले नाही, ते अधिक महत्त्वाच्या जागी वापरले गेले. तुमच्या बाबतीतही हेच व्हावे, असे मला मनापासून वाटते.

उत्तर ३: इन्स्ट्रुमेंट तंत्रज्ञ (महाड)

मी विभागबदलाच्या विरोधात नाही, परंतु माझ्या बाबतीत जे घडले ते येथे नोंदवणे आवश्यक वाटते. एका कारखान्यात मी उपकरण-देखभालीत होतो. सहा महिन्यांसाठी स्टोअरमध्ये पाठवण्यात आले, त्यानंतर खरेदी विभागात, आणि दोन वर्षे उलटली तरी परतीचा विषय निघाला नाही, कारण दरम्यान माझ्या मूळ जागेवर दुसरा तंत्रज्ञ कायम करण्यात आला होता. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी स्टोअरप्रमुखांनी लिहिले की कर्मचारी नवीन असल्याने मत देता येत नाही. पुढील वर्षी खरेदीप्रमुखांनीही तेच लिहिले. दोन्ही वर्षे वेतनवाढ सर्वांत खालच्या श्रेणीची मिळाली. कामात कसूर झाल्याचे कोणीही म्हटलेले नव्हते. माझे काम पाहण्याची जबाबदारीच कोणावर ठेवलेली नव्हती.

म्हणून माझा आग्रह तीन गोष्टींचा आहे. मूळ पदावर परत येण्याचा हक्क आणि त्याची तारीख पत्रात हवी. बदलीच्या काळात मूल्यमापन कोण करणार त्या अधिकाऱ्याचे पद लिहिलेले हवे, आणि त्या काळातील वेतनवाढ मूळ विभागातील सरासरी वेतनवाढीपेक्षा कमी असणार नाही अशी हमी हवी. तोंडी आश्वासन देणारे अधिकारी प्रामाणिक असतात, पण त्यांचीही बदली होते, आणि नव्या अधिकाऱ्याला जुन्या शब्दाची माहिती नसते.

उत्तर ४: अन्नसुरक्षा ऑडिटर (सध्या रत्नागिरी व गोवा)

मूळ प्रश्नातील एका भीतीबद्दल मला स्पष्टपणे असहमती नोंदवायची आहे. प्रयोगशाळेबाहेर गेल्याने आपला विषय सुटतो हे अन्नप्रक्रियेच्या क्षेत्रात खरे नाही. हॅसॅप, म्हणजे अन्नातील धोके ओळखून ते रोखण्याच्या पद्धतीचा पायाच असा आहे की धोक्यांचे विश्लेषण करणारा गट अनेक विभागांच्या माणसांचा असावा. कोडेक्सच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या, मार्गदर्शक तत्त्वांतच तसे म्हटले आहे. कारखान्यांचे ऑडिट करताना मला वारंवार असे दिसते की धोका-विश्लेषणाचा तक्ता प्रयोगशाळेत बसून एकाच व्यक्तीने भरलेला असतो, आणि आढीत आंबा प्रत्यक्षात किती दिवस राहतो किंवा वीज गेल्यावर पाश्चरायझरमध्ये अडकलेल्या मालाचे काय करतात, हे विचारले की उत्तरासाठी दुसऱ्याला बोलवावे लागते. ज्या कारखान्यात गुणवत्ता विभागातील माणसाने खरेदीचा आणि उत्पादनाचा एकेक हंगाम काढलेला असतो, तेथे हा तक्ता वेगळाच दिसतो.

हापूसच्या बाबतीत तर हे विशेष लागू आहे. साक्याचे उदाहरण घ्या. फळ बाहेरून निर्दोष दिसते, आणि कापल्यावर आत पांढरट, आंबट, स्पंजासारखा भाग निघतो. प्रयोगशाळेत तुम्हाला एवढेच कळते की अमुक खेपेत उतारा घटला आणि आम्लता वाढली. कारण मात्र बागेत असते: फळ झाडावर किती पक्व होऊ दिले, काढल्यावर तापलेल्या कातळावर किती वेळ पडून राहिले, सावलीत कधी आणले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस अशी आहे की फळ पूर्ण पक्व होण्याची वाट न पाहता ८० ते ८५ टक्के पक्वतेला, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासह काढावे, आणि त्याचे एक कारण हेच आहे. कॅनिंगचा आंबा अनेक ठिकाणांहून एकत्र होऊन येत असल्याने ही शिफारस पाळली गेली की नाही, हे फक्त खरेदीच्या टप्प्यावर उभ्या असलेल्या माणसालाच कळू शकते. पिकवण्याचेही तसेच. कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास बंदी आहे आणि इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत शंभर भाग) चालतो हा नियम आपण पाठ म्हणून दाखवतो, परंतु पुरवठादाराच्या गोदामात जाऊन पाहिल्याशिवाय त्या नियमाचे पालन तपासता येत नाही. ब्रिक्स, म्हणजे रसातील विरघळलेल्या साखरेचे प्रमाण, मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर हे उपकरण पुरते. आज ब्रिक्स चौदावर का आला, याचे उत्तर शोधायला बागेपर्यंत जावे लागते. ग्राहक ज्याची कदर करतात आणि दुसऱ्या कंपन्या ज्यासाठी पगार वाढवून देतात, ते काम या कारण शोधण्याचे आहे.

तथापि दोन बाबतींत काळजी घ्यावी. पहिली म्हणजे हितसंबंधांची. खरेदी विभागात असताना ज्या मालाच्या स्वीकृतीत तुमचा सहभाग होता, त्या मालाच्या तपासणी अहवालावर तुमची सही असता कामा नये, आणि उत्पादनात असताना स्वतःच्या पाळीचा माल तुम्ही स्वतः पास करू नये. लहान कारखान्यांत हंगामाच्या घाईत माणसे कमी पडतात आणि “ताई, तुम्हाला येतंच आहे, सही करा” असे सहज म्हटले जाते. ऑडिटमध्ये ही नोंद गंभीर मानली जाते. दुसरी बाब अधिकृततेची. आपली प्रयोगशाळा आयएसओ १७०२५ या चाचणी प्रयोगशाळांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार चालत असेल तर प्रत्येक चाचणीसाठी कोणाला अधिकार दिला आहे याची नोंद असते आणि त्या व्यक्तीची क्षमता वेळोवेळी पडताळावी लागते. वर्षभर प्लेटवरील सूक्ष्मजीवांच्या वसाहती न मोजलेल्या विश्लेषकाला परत आल्यावर थेट अहवालावर सही करता येऊ नये, हे योग्यच आहे. म्हणून महिन्यातून काही ठरावीक दिवस प्रयोगशाळेत येऊन मोजक्या चाचण्या करण्याची आणि तुलनात्मक चाचण्यांत भाग घेत राहण्याची मुभा मागून घ्यावी. पहिल्या उत्तरात सुचवलेली मधली परत यासाठीही फार उपयोगी आहे.

अर्जात हा काळ कसा दाखवायचा, हाही प्रश्न आपण विचारला आहे. केवळ विभागांची नावे लिहिली तर तो विस्कळीत दिसेल. प्रत्येक विभागात गुणवत्तेशी जोडलेले एक काम पूर्ण करावे आणि तेच लिहावे: खरेदीत पुरवठादारांच्या मूल्यांकनाची पद्धत, उत्पादनात वाया जाणाऱ्या गराचे कारणवार वर्गीकरण, निर्यातीत ग्राहकांच्या तक्रारींवरून ठरवलेले तपासणीचे नवे निकष. अशी तीन कामे असलेला अर्ज वाचणाऱ्याला खंड दिसणार नाही.

पल्पलॅब (मिरजोळे, रत्नागिरी)

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. हंगामाचा मुद्दा मी आमच्या कारखाना व्यवस्थापकांसमोर मांडला. क्रम बदलण्यास आणि मधले सहा महिने प्रयोगशाळेत परत येण्यास त्यांनी तत्त्वतः मान्यता दिली आहे. खरेदीप्रमुखांशीही बोलणे झाले असून पुरवठादारांच्या नोंदींचे काम मी करावे असे त्यांनी स्वतःहून सुचवले. मूल्यमापनाबद्दल पत्र देण्याचे कबूल झाले आहे.

या चर्चेतून दोन नव्या गोष्टी पुढे आल्या आहेत. निर्यातीचे कामकाज आमच्या समूहाच्या कुडाळ येथील काजू कंपनीतून चालते, आणि ती कंपनी कागदोपत्री वेगळी आहे. म्हणजे पहिले सहा महिने मला तेथे राहावे लागेल. याने माझ्या सेवेवर काही परिणाम होतो का? दुसरे, उत्पादन विभागात हंगामात रात्रपाळी असते. माझे गाव रत्नागिरीपासून आत आहे आणि संध्याकाळची शेवटची एस. टी. गेल्यावर दुसरे साधन नाही. ही अडचण मांडली तर मला उत्पादनाचे काम नको आहे, असा अर्थ काढला जाईल का?

माजी कार्मिक अधिकारी (चिपळूण)

ताई, रात्रपाळीचे आधी सांगतो, कारण ते सरळ आहे. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहापूर्वी स्त्री कर्मचाऱ्याला कामावर बोलवायचे तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची व्यवस्था ही मालकाची जबाबदारी असते. घरापर्यंत वाहन मागणे म्हणजे सवलत मागणे नव्हे, आणि तसा अर्थ कोणी काढत असेल तर तो चुकीचा आहे. फक्त मागणी करताना नेमके लिहा: कोणत्या महिन्यांत, किती वाजता, कोणत्या गावापर्यंत, आणि त्याच दिशेला राहणाऱ्या इतर स्त्री कामगार कोण आहेत. हंगामात सोलणी व भरणीच्या कामावर त्या परिसरातील अनेक बायका असतात, त्यामुळे एकाच गाडीत व्यवस्था होणे अवघड नसते. रात्रपाळी टाळून उत्पादन शिकता येईल का, असाही विचार तुमच्या मनात येईल. काही प्रमाणात येते, पण मे महिन्यात आंबा पिकून तयार झाला की तो सकाळची वाट पाहत नाही, आणि यंत्र बंद पडल्यावर पाळीप्रमुख काय निर्णय घेतो हे बहुधा रात्रीच पाहायला मिळते. निदान काही आठवडे रात्रपाळी करावी असे मी सुचवीन.

कुडाळची बाब अधिक नाजूक आहे. एकाच कंपनीत विभाग बदलला तर सेवा अखंड राहते, त्याची चिंता नको. कंपनी वेगळी असेल तर दोन मार्ग असतात. एक म्हणजे प्रतिनियुक्ती: तुम्ही मूळ कंपनीच्याच कर्मचारी राहता, पगार तीच देते, आणि काम दुसरीकडे करता. दुसरा म्हणजे येथे राजीनामा देऊन तेथे नवी नेमणूक, आणि परत येताना पुन्हा तेच. हिशेब ठेवायला सोपे म्हणून काही समूह हा दुसरा मार्ग घेतात. तुमचे नोकरीचे चौथे वर्ष चालू आहे आणि ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांची सेवा पाहिली जाते. राजीनामा दिला तर ही चार वर्षे वादात सापडू शकतात. म्हणून राजीनाम्याच्या कोणत्याही कागदावर सही करू नका, मग तो केवळ औपचारिकता आहे असे कितीही सांगितले तरी. प्रतिनियुक्तीचे पत्र मागा आणि त्यात पुढील मजकूर असू द्या: प्रतिनियुक्तीचा काळ, परतीची तारीख व पद, सेवा अखंड धरली जाईल हे वाक्य, पगार, भविष्य निर्वाह निधी व विमा मूळ कंपनीकडूनच चालू राहतील हे वाक्य, आणि कुडाळमधील राहण्याचा खर्च कोण देणार हे. शेवटची गोष्ट लोक संकोचाने सोडून देतात. पगारात वाढ नसताना भाड्याची खोली स्वतःच्या खिशातून घेतली, तर तो सहा महिन्यांचा पगार कमी झाल्यासारखाच आहे.

पत्र मिळाल्यावरही पहिल्या महिन्यात पगाराच्या स्लिपवर कोणत्या कंपनीचे नाव छापून आले आहे ते पाहा, आणि भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात तुमचा जुना सदस्य क्रमांक तसाच चालू आहे की त्याच यूएएनखाली (निधीच्या कायमच्या खाते क्रमांकाखाली) नवा सदस्य क्रमांक उघडला गेला आहे, तेही तपासा. नवा क्रमांक दिसला तर त्याच आठवड्यात मिरजोळ्याच्या कार्यालयाला लेखी कळवा आणि पोचवलेल्या प्रतीवर शिक्का घ्या.